क्रिप्टो खात्यांचा बंदोबस्त : ऑगस्ट-सप्टेंबर 2025च्या नोंदी

आवाका : एका घरातली दोन माणसं, तीन एक्सचेंजवरची (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या साइट्सवरची) खाती, एक जुनं ब्राउझर वॉलेट (क्रिप्टोच्या चाव्या ठेवणारं ब्राउझरमधलं सॉफ्टवेअर). आत बिटकॉइन, इथर आणि थोडे यूएसडीटी (डॉलरच्या किमतीला बांधलेलं नाणं).

काम हाती घ्यायचं कारण उघड आहे. 18 जुलै 2024ला वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजच्या वॉलेटमधून 23 कोटी डॉलरच्या वरचा माल गेला. वर्ष उलटलं तरी लोकांचे पैसे अडकलेलेच होते. 19 जुलै 2025ला कॉइनडीसीएक्स या दुसऱ्या एक्सचेंजच्या अंतर्गत खात्यातून 4.4 कोटी डॉलर गेले. तो तोटा कंपनीने आपल्या अंगावर घेतला. दोन्ही वेळी गिऱ्हाइकाचा पासवर्ड कितीही पक्का असता तरी फरक पडला नसता. म्हणून कामाचे दोन भाग केले : एक्सचेंजवर जे ठेवणं भाग आहे त्याची दारं बंद करायची, आणि बाकीचं स्वतःच्या चावीखाली आणायचं.

2 ऑगस्ट, शनिवार. यादी.

आधी कागद घेतला, सॉफ्टवेअर नाही. प्रत्येक खात्यापुढे एकच प्रश्न : ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं तर निरोप कुठे जातो? तिन्ही खात्यांचं उत्तर एकच जीमेल. त्या जीमेलचं उत्तर एक मोबाइल नंबर, आणि तो नंबर दोन वर्षांपूर्वीच बंद केलेला. आपल्याकडे बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या गिऱ्हाइकाला देता येतो. म्हणजे सगळ्या खात्यांची शेवटची किल्ली कुणा अनोळखी माणसाच्या खिशात असू शकत होती, आणि त्यासाठी हॅकरचीही गरज नव्हती.

दुसरा शोध : एका एक्सचेंजवर 2022 साली कर मोजायच्या सॉफ्टवेअरसाठी काढलेली एपीआय की (दुसऱ्या सॉफ्टवेअरला खात्यात शिरू देणारा गुप्त कोड) अजून चालू होती, तीही पैसे काढायच्या परवानगीसकट. कर मोजायला फक्त वाचायची परवानगी पुरते. की रद्द केली.

वेळ : तीन तास. सगळ्या कामातले सर्वांत कामाला आलेले तास हेच.

3 ऑगस्ट. ईमेल.

एक्सचेंजसाठी वेगळा पत्ता उघडला. त्यात नाव-आडनाव नाही, आणि तो दुसरीकडे कुठेच द्यायचा नाही. जुन्याच पत्त्यात अधिकचं चिन्ह टाकून ‘नवा’ पत्ता करण्याचा उपयोग नाही, चिन्हापुढचं कापून मूळ पत्ता कुणालाही काढता येतो.

जुन्या मेलबॉक्समध्ये चार गोष्टी तपासल्या : फॉरवर्डिंग, फिल्टर, लॉगिन असलेली उपकरणं, परवानगी दिलेली बाहेरची अॅप्स. फिल्टरकडे सहसा कुणी बघत नाही. आत शिरलेला माणूस एक्सचेंजचे मेल परस्पर कचऱ्यात जातील असा फिल्टर लावून ठेवतो, आणि मग पैसे काढल्याची सूचना मालकाला दिसतच नाही. आमच्याकडे तसा फिल्टर निघाला नाही. 14 परकी अॅप्स मात्र निघाली.

चूक : एक्सचेंजवरचा ईमेल बदलला की पैसे काढणं काही काळ गोठतं. एकाकडे 24 तास, एकाकडे 48, तिसऱ्याकडे 72. पासवर्ड दुसऱ्या दिवशी बदलला तेव्हा घड्याळ परत शून्यावर आलं. ईमेल, पासवर्ड, मोबाइल हे सगळं एकाच बैठकीत बदला. नाहीतर दर वेळी नव्याने थांबावं लागतं.

6 ऑगस्ट. सिम.

सिमला पिन लावताना फजिती झाली. आधी कंपनीचा मूळ पिन विचारतात. तो अंदाजाने दोनदा टाकला, दोन्ही वेळा चुकला. तिसऱ्यांदा चुकला की पीयूके (सिम उघडायचा कंपनीचा दुसरा कोड) मागतात, आणि पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं मेलं. तिथे हात आवरला आणि मूळ पिन कंपनीच्या अॅपमधून काढला.

इथे गैरसमज नको. सिम पिनमुळे चोरलेलं सिम दुसऱ्या फोनमध्ये चालत नाही, एवढंच. कुणी दुकानात तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढलं तर पिन काहीही करू शकत नाही. त्यावर इलाज म्हणजे मोबाइल नंबरला किल्लीचा मानच द्यायचा नाही. पण भारतातली बरीच एक्सचेंज लॉगिनला एसएमएस ओटीपी मागतातच, तो काढता येत नाही. तडजोड म्हणून पैसे काढायला फोनवरच्या ऑथेंटिकेटर अॅपमध्ये बनणारा कोड सक्तीचा केला, आणि ईमेलवरून मोबाइल नंबर पूर्ण उडवला.

संचार साथी या सरकारी पोर्टलवर दोघांच्या नावाने किती नंबर आहेत ते पाहिलं. एक अनोळखी निघाला, तिथेच ‘माझा नाही’ म्हणून कळवला.

घरात सांगून ठेवलं : फोनची रेंज अचानक गेली आणि शेजारी त्याच कंपनीच्या फोनला ती आहे, तर फोन बंद-चालू करत बसायचं नाही. दुसऱ्या फोनवरून कंपनीला फोन, मग एक्सचेंजचं खाते गोठवायचं बटण. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

9 ऑगस्ट. कोडचं अॅप.

या प्रकल्पातली सर्वांत महागडी चूक आजची. कोड नव्या फोनवर हलवताना तीनपैकी दोन खाती हलवली, तिसरं राहिलं, आणि जुना फोन फॉरमॅट झाला. त्या एक्सचेंजने व्हिडिओ केवायसी मागितलं. हातात कागद धरलेला फोटो दोनदा नापास केला. पाच दिवस गेले.

तेव्हापासूनचा क्रम : नव्या फोनवर कोड येतो, त्या कोडने प्रत्यक्ष एकदा लॉगिन होतं, कागदावर टिक होते. तीन टिका झाल्याशिवाय जुन्या फोनला हात नाही.

अॅप जोडताना एक्सचेंज क्यूआर दाखवतं तेव्हा खाली अक्षरांची एक लांब ओळ असते. तीच खरी चावी. ती कागदावर उतरवा, फोन हरवला तरी त्या ओळीवरून कोड परत उभे राहतात. त्यात फक्त ए ते झेड आणि 2 ते 7 असतात. शून्य, एक, आठ, नऊ कधीच नसतात. म्हणजे शून्य की ओ असा प्रश्न पडला तर तो ओ आहे.

गूगल ऑथेंटिकेटरमधलं क्लाउड सिंक बंद ठेवलं. ते चालू असेल तर कोड त्याच गूगल खात्यावर लटकतात आणि दोन कुलपांची एकच किल्ली होते. अँड्रॉइडवर एजिस हे कोडचंच दुसरं अॅप घेतलं, त्याची पासवर्डबंद फाइल पेनड्राइव्हवर ठेवली.

आणखी एक तास विनाकारण गेला : एका फोनवरचे कोड सतत ‘चुकीचा’ येत होते. फोनचं घड्याळ दोन मिनिटं मागे होतं. कोड 30 सेकंदांचा असतो आणि वेळेवरूनच बनतो. ‘आपोआप वेळ’ चालू केली, प्रश्न संपला.

12 ऑगस्ट. सिक्युरिटी की.

लॉगिनला पुरावा म्हणून लावायच्या यूएसबीच्या दोन चाव्या घेतल्या. एक कधीच घेऊ नये. फायदा एका वाक्यात : खोट्या साइटवर माणूस फसतो आणि कोड टाकतो, पण की साइटचा पत्ता स्वतः तपासते आणि खोट्या पत्त्याला उत्तरच देत नाही.

दोन्ही नव्या ईमेलला जोडल्या. तीनपैकी एकाच एक्सचेंजने की स्वीकारली. तिथे जोडून झाल्यावर ‘दुसरा मार्ग वापरा’ दाबून पाहिलं तर जुना एसएमएस पर्याय तिथेच उभा होता. नवं दार बसवलं, जुनी खिडकी उघडीच. पर्याय काढला, बॅकअप कोड छापून घेतले.

त्याच बैठकीत, आणि अडकलेलं खातं सुटल्यावर तिथेही, पैसे काढायच्या पत्त्यांची पक्की यादी चालू केली. नवा पत्ता जोडला की 24 तास थांबावं लागतं, ते थांबणं आपल्याच बाजूचं आहे. जिथे सोय आहे तिथे मेलमध्ये दिसणारा स्वतःचा खुणेचा शब्दही ठेवला.

16-17 ऑगस्ट. हार्डवेअर वॉलेट आणि पहिली तालीम.

यंत्र, म्हणजे चाव्या इंटरनेटपासून दूर ठेवणारं छोटं उपकरण, थेट बनवणाऱ्या कंपनीकडून मागवलं. ऑनलाइन बाजारातला तिसरा विक्रेता हजार-पाचशे कमी घेतो, पण खोक्यात 24 शब्द (सीड फ्रेज, जिच्यावरून अख्खं वॉलेट परत उभं होतं) आधीच छापलेलं कार्ड निघालं तर ते वॉलेट त्याचं, तुमचं नाही. शब्द यंत्राच्या पडद्यावर, तुमच्यासमोर तयार व्हायला हवेत. खोक्यावरचं सील बघून समाधान मानू नका, सील कुणालाही चिकटवता येतं. कंपनीच्या अॅपमधून होणारी अस्सलपणाची तपासणी खरी. अॅप उतरवताना पत्ता टाइप केला, सर्चमधल्या जाहिरातीवरून गेलो नाही. फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) आधी अपडेट केलं, शब्द नंतर काढले.

शब्द पेन्सिलने लिहिले. फोन दुसऱ्या खोलीत. वहीवर लिहू नका, खालच्या पानावर वळ उमटतात.

मग पैसे न घालताच यंत्र पुसून टाकलं आणि कागदावरून परत उभं करायला बसलो. नाही झालं. यंत्र म्हणे, सीड फ्रेज चुकीची. चाळीस मिनिटांनी सापडलं : सतरावा शब्द ‘वुड’ होता, घाईत लिहिलेल्या डीचं पोट उघडं राहिल्याने तो ‘वूल’ वाचला जात होता. आणि 2048 शब्दांच्या त्या ठरलेल्या यादीत दोन्ही शब्द आहेत.

यंत्राने चूक पकडली ती शेवटच्या शब्दात लपलेल्या पडताळणीमुळे. 24 शब्दांत ती 8 बिटांची असते, म्हणजे चुकीचा शब्द टाकला तर 256पैकी एखाद्याच वेळी निसटतो. 12 शब्दांत 4 बिटच, तिथे 16तून एकदा चूक पचते आणि निमूटपणे एक भलतंच रिकामं वॉलेट उघडतं. 24 घ्यायचं आमचं कारण एवढंच.

(हे 24 शब्द सरावाचे होते. पुसून नवे काढले, म्हणूनच सतरावा शब्द इथे लिहिता येतो.)

23-24 ऑगस्ट. पट्टी.

कागद ओला होतो, जळतो, वाळवी खाते. धातूच्या पट्टीवर ठोकायचं ठरलं. विकतच्या तयार पट्ट्या तीन-चार हजारांच्या. फॅब्रिकेशनच्या दुकानात 304 स्टीलचे 100 बाय 60 मिलिमीटरचे, दीड मिलिमीटर जाडीचे तुकडे 110 रुपयांना एक असे कापून मिळाले. सहा घेतले. 3 मिलिमीटरचा अक्षरांचा पंच सेट 650.

दुकानदार म्हणाला, लेझरने कोरून देतो, पाच मिनिटांचं काम. काम पाच मिनिटांचं खरं, पण शब्द त्याच्या कॉम्प्युटरवर जाणार. नको.

आधी अॅल्युमिनियमवर करून पाहिलं होतं. अक्षरं लोण्यासारखी उठतात, पण ते 660 अंशांना वितळतं, घराच्या आगीत टिकायचं नाही. 304 स्टील 1400च्या आसपास. पण स्टीलवर ठोकणं म्हणजे कसरत. टेबलावर लाकडी फळी ठेवून ठोकलं तर फळी उसळते आणि अक्षर एकतर पुसट उठतं नाहीतर दोनदा. दोन पट्ट्या त्यातच गेल्या. शेवटी दुकानातून रुळाचा तुकडा ऐरण म्हणून मागून आणला, एक किलोचा हातोडा घेतला. पंच सरळ धरून एकच घाव. दुसरा घाव घातला की अक्षर सरकलंच.

हाताला बसलेली पद्धत अशी : पट्टीला मागून टेप लावून ऐरणीला चिकटवायची. आधी मार्करने सगळं लिहून घ्यायचं. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात, कारण इंग्रजी यादीत कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार सारखी नाहीत. तीन अक्षरी शब्दापुढे आडवी रेघ ठोकायची, नाहीतर पुढे कुणाला अक्षर राहून गेलंसं वाटेल. शब्दापुढे क्रमांक हवाच, क्रम चुकला तर सगळंच चुकलं. एकेक अक्षर घेऊन ते जिथे जिथे येतं तिथे ठोकायचं, असा वेळ वाचवायचा प्रयत्न केला. पंच बदलावा लागत नाही हे खरं, पण जागा चुकते. ओळीनेच जा. एका पट्टीला अडीच तास. आवाज इतका होतो की दुपारी चार ते सात एवढीच वेळ शेजाऱ्यांना परवडली.

खराब पट्ट्यांवर सरावाचेच शब्द ठोकले होते, त्यामुळे त्या बिनघोर टाकता आल्या. एका सरावाच्या पट्टीला गॅसच्या शेगडीवर वीस मिनिटं धरलं : काळी-निळी पडली, थोडी वाकली, अक्षरं नखाला लागत होती. पास.

30 ऑगस्ट. पंचविसावा शब्द.

म्हणजे पासफ्रेज, 24 शब्दांवर स्वतः ठरवून लावायचा जादा शब्द. 24 शब्द चोराच्या हाती लागले तरी याच्याशिवाय खरं वॉलेट उघडत नाही. मोह होतो. करून पाहिलं आणि सोडून दिलं. कारण पासफ्रेज चुकली असं यंत्र कधीच सांगत नाही. काहीही टाका, एक वैध वॉलेट उघडतं, रिकामं. फोनच्या कीबोर्डने पहिलं अक्षर आपोआप मोठं केलं आणि दोन तास सरावाचे पैसे ‘गायब’ होते. आपल्या पश्चात घरच्यांना हे वॉलेट उघडायचं असेल तर तिथे मोठं अक्षर की लहान, शेवटी स्पेस आहे की नाही, हे कोण सांगणार? चोरापेक्षा आपलाच धोका जास्त, असा हिशेब केला.

31 ऑगस्ट-2 सप्टेंबर. पैसे हलवणं.

आधी तिन्ही एक्सचेंजवरून सगळ्या व्यवहारांची फाइल उतरवली. नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि खरेदीची किंमत दाखवायची जबाबदारी तुमची. एक्सचेंज बंद पडलं तर तो पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

बिटकॉइन : पत्ता यंत्राच्या पडद्यावर पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून पाहिला. कॉम्प्युटरवर दिसणारा पत्ता व्हायरस बदलू शकतो. पहिली चार-शेवटची चार अक्षरं बघून भागत नाही. मे 2024मध्ये एकाने जुन्या व्यवहारांच्या यादीतून दिसायला सारखा पत्ता उचलला आणि 1,155 रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारं, बिटकॉइनच्या किमतीचं टोकन), म्हणजे 6.8 कोटी डॉलरच्या आसपास, भलतीकडे पाठवले. त्याच्याशी बोलणी होऊन बरेचसे परत आले हे त्याचं नशीब.

किमान रक्कम आधी. विड्रॉवल फी रकमेवर नसते, खेपेवर असते, म्हणजे चाचणीची फी पूर्ण जाते. जाऊ द्या.

यूएसडीटीत चुकलोच. यूएसडीटी अनेक साखळ्यांवर (ब्लॉकचेनवर) चालतं. ट्रॉन या साखळीचा पत्ता टी अक्षराने सुरू होतो, तिथे इथेरियमचा पत्ता टाकला तर एक्सचेंज नकार देतं. पण इथेरियम आणि बीएनबी साखळी दोन्हींचे पत्ते सारखेच, शून्य-एक्सने सुरू होणारे. एक्सचेंजने स्वस्त म्हणून बीएनबीचं नेटवर्क आधीच निवडून ठेवलं होतं, ते लक्षात आलं नाही. पैसे गेले कुठेच नव्हते, त्याच पत्त्यावर पण दुसऱ्या साखळीवर होते. वॉलेटमध्ये ती साखळी जोडल्यावर दिसले. हलवायला मात्र फीसाठी थोडे बीएनबी मागवावे लागले. चूक चाचणीच्या रकमेत झाली हे बरं.

मग दुसरी तालीम : आत चाचणीचे पैसे असताना यंत्र पुसलं, कागद न बघता फक्त पट्टीवरून उभं केलं. यंत्र उभं राहिलं, पण मुद्दाम दुसऱ्या कंपनीच्या अॅपला जोडल्यावर बिटकॉइन शून्य. अॅप जुन्या, 1ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचं खातं शोधत होतं. आपलं खातं बीसी1-क्यूने सुरू होणाऱ्या पत्त्यांचं, म्हणजे 84 क्रमांकाच्या मार्गावरचं (शब्दांपासून पत्ते काढायची एक ठरलेली पद्धत). खात्याचा प्रकार बदलला, पैसे दिसले. पट्टीच्या कोपऱ्यात ‘84’ ठोकून ठेवलं.

यानंतर मोठी रक्कम हलवली, तीन खेपांत.

4 सप्टेंबर. जुनं ब्राउझर वॉलेट.

वॉलेटने साइट्सना दिलेल्या परवानग्या दाखवणाऱ्या रिव्होक डॉट कॅश या साइटवर पत्ता टाकला. 11 परवानग्या निघाल्या, त्यातल्या 9 अमर्याद. म्हणजे 2021-22मध्ये कधीतरी वापरलेल्या साइट्सना ते टोकन हवे तितके उचलायची मुभा अजून होती. वॉलेटमध्ये साइट ‘डिसकनेक्ट’ केल्याने परवानगी जात नाही, ती साखळीवर नोंदलेली असते आणि साखळीवरच फी भरून काढावी लागते. गॅस, म्हणजे साखळीची फी, स्वस्त होता, सगळं दीडशे रुपयांच्या आत.

आणि मग कळलं की ही सगळी मेहनत वाया. फोनच्या फोटोंत शोधताना याच वॉलेटच्या 12 शब्दांचा स्क्रीनशॉट सापडला, क्लाउडवर चढलेला. फेब्रुवारी 2025मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने स्पार्ककॅट नावाचा व्हायरस उघड केला. तो गॅलरीतले फोटो वाचून नेमके असले शब्द शोधायचा आणि गूगल प्ले, अॅपल दोन्हींच्या दुकानांतल्या अॅप्समध्ये सापडला होता. फोटो पुसला तरी गूगल फोटोजच्या कचऱ्यात 60 दिवस राहतो. शब्द बाहेर पडले असतील अशी शंका असेल तर परवानग्या काढत बसायचं नाही, वॉलेटच सोडायचं. सगळं यंत्राच्या नव्या पत्त्यावर हलवलं. हाच क्रम आधी केला असता तर अर्धा दिवस वाचला असता.

तेच 12 शब्द यंत्रात भरायची सूचना घरातून आली होती. त्याने काही साधत नाही. उघड्यावर राहिलेले शब्द यंत्रात घातले म्हणून शुद्ध होत नाहीत.

यंत्रातलं ‘ब्लाइंड सायनिंग’ (व्यवहाराचा तपशील न दाखवता होणारी सही) बंद केलं. 21 फेब्रुवारी 2025ला बायबिट या एक्सचेंजचे सुमारे दीड अब्ज डॉलर गेले तेव्हा सह्या करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट होतीच. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि यंत्राकडून सही दुसऱ्यावर घेतली गेली. यंत्राचा छोटा पडदा काय म्हणतो ते वाचता येत नसेल तर सही करायची नाही.

7 सप्टेंबर. जागा आणि शेवटची तालीम.

दोन पट्ट्या : एक घरात, एक दुसऱ्या गावच्या बँक लॉकरमध्ये. 12-12 शब्द दोन ठिकाणी, ही युक्ती टाळली. एक तुकडा हरवला की दुसरा निव्वळ भंगार.

वेगळा कागद केला. त्यात एकही शब्द नाही, फक्त पायऱ्या. तो घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाती दिला, यंत्र पुसून समोर ठेवलं, आणि मदत करायची नाही असं ठरवलं. पन्नास मिनिटं लागली. अडखळ दोन ठिकाणी : पिन विचारल्यावर पट्टीवर पिन शोधला गेला (तो नवा ठरवायचा असतो), आणि ‘नवं वॉलेट बनवा’ व ‘जुनं परत आणा’ यांत पहिलंच बटण दाबलं गेलं. कागदावर दोन ओळी वाढवल्या.

खर्च : यंत्र कस्टम-जीएसटीसह 9,400, दोन की 6,200, पंच 650, पट्ट्या 660, अॅल्युमिनियम 80, विड्रॉवल फी आणि गॅस 1,900. एकूण 18,890. वेळ 41 तास, त्यातले निदान 11 वर लिहिलेल्या चुकांत गेले. एक्सचेंजची वाट बघण्यातले दिवस यात धरलेले नाहीत.

राहिलेलं : दोन एक्सचेंज अजून सिक्युरिटी की घेत नाहीत, त्यांतल्या एकावरची शिल्लक काढून खातं बंद करायचा अर्ज केला आहे. सहावी पट्टी कोरी आहे. पुढची तालीम 7 मार्च 2026, लॉकरमधली पट्टी आणून.